‘पूर्ण झाल्यावर जा’ हा सल्ला ऐकू नका

गेले काही दिवस एक मेसेज ग्रुपांवर फिरतोय. बार्सिलोनाला जाणाऱ्यांसाठी त्यात सल्ला आहे: सग्रादा फमिलिया हे 1882 पासून रखडलेलं चर्च आहे, मूळ नकाशे जळून गेलेत, आता उभं राहतंय ते मनाने रचलेलं, सगळीकडे क्रेन आणि परांच्या, तेव्हा पूर्ण झाल्यावर जा, आत्ता तिकिटाचे पैसे वाया. मी तिथे अख्खा दिवस घालवून आलेय. हे वाचून कुणी बार्सिलोनात राहूनही तिकडे फिरकलं नाही, तर मला मनापासून वाईट वाटेल. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी ‘रखडलेलं’. पायाभरणी 19 मार्च 1882 ची, हे बरोबर आहे. पण हे चर्च कुणा राजाच्या किंवा सरकारच्या तिजोरीतून बांधायला घेतलेलं नाही. प्रायश्चित्ताचं मंदिर म्हणून ते लोकांच्या देणग्यांतून उभारायचं, हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. पैसे आले की काम पुढे सरकायचं, आटले की मंदावायचं. 1883 मध्ये काम हाती घेतलेला वास्तुकार आंतोनी गाउदी शेवटच्या वर्षांत स्वतः वर्गणी मागत फिरायचा. आज तो भार मुख्यतः तिकिटांवर आहे, त्यामुळे 2020 मध्ये पर्यटक थांबले तेव्हा बांधकामालाही खीळ बसली. खरोखर रखडलेलं चर्च म्हणजे जर्मनीतलं कोलोनचं कॅथेड्रल. 1248 मध्ये सुरू झालं, सोळाव्या शतकात बंद पडलं, जवळजवळ तीनशे वर्षं तसंच राहिलं आणि 1880 मध्ये पुरं झालं.

आपल्या हयातीत हे संपणार नाही, हे गाउदी जाणून होता. म्हणून चहूबाजूंच्या भिंती थोड्या थोड्या वर नेण्याऐवजी त्याने येशूजन्माची एकच पूर्वेकडची बाजू पूर्ण उंचीने उभी करायला घेतली. 1926 मध्ये ट्रामची धडक बसून तो गेला, तेव्हा तिथल्या चार मनोऱ्यांपैकी एकच पुरा झाला होता. पण पुढच्यांच्या हाती कित्ता होता. या बाजूला गेलात की आधी वर बघू नका, खाली वाका. दोन मोठे खांब दोन कासवांच्या पाठीवर उभे आहेत. समुद्राच्या बाजूचं कासव समुद्रातलं, वल्ह्यासारख्या पायांचं. डोंगराच्या बाजूचं जमिनीवरचं. एवढ्या अवाढव्य इमारतीत खांबाच्या बुडाशी कोणी इतकं पाहिलं असेल, याचंच मला भरून आलं.

आता नकाशे. हा मुद्दा अर्धा खरा आहे. जुलै 1936 मध्ये स्पेनचं यादवी युद्ध पेटलं, तेव्हा गाउदीची कार्यशाळा जाळली गेली, रेखाटनं गेली, प्लास्टरची मॉडेलं फोडली गेली. मेसेज इथेच थांबतो. पुढे असं झालं की ते तुकडे वेचले गेले आणि वर्षानुवर्षं जुळवले गेले. शिवाय आधी छापून आलेली चित्रं आणि फोटो होतेच. चर्चच्या संग्रहालयात ही मॉडेलं बघायला मिळतात.

तुकड्यावरून अख्खा भाग कसा कळतो? गाउदीचे वाकडेतिकडे वाटणारे आकार मुळात सरळ रेषांतून घडतात. वेताचं डमरूसारखं स्टूल आठवा: वेत सगळे सरळ, तिरके लावलेले, तरी मधे कंबर बारीक. अशा आकाराला नियम असतो, आणि नियम सापडला की उरलेला पृष्ठभाग काढता येतो. न्यूझीलंडचे वास्तुकार मार्क बरी 1979 पासून या कामात होते. हाताने आकडेमोड करून सुरुवात केली आणि पुढे विमानांच्या आराखड्यांसाठीचं सॉफ्टवेअर वापरलं. याला मनाने रचणं म्हणता येत नाही.

तरी आक्षेपात तथ्य आहे, ते मान्य करते. 1965 मध्ये काम थांबवा म्हणणाऱ्या पत्रावर सह्या करणाऱ्यांत आपल्या चंदीगडचा आराखडा करणारे ल कॉर्बुझिएही होते. पश्चिमेकडच्या, येशूच्या यातनांच्या बाजूची शिल्पं सुबिराक्स यांची आहेत: टोकदार, रूक्ष, पूर्वेकडच्या पानाफुलांशी फटकून. काहींना ती खुपतात. पण ही बाजू कठोर, भेदरवणारी हवी, हे गाउदीचंच म्हणणं होतं, आणि 1911 मधल्या त्याच्या रेखाटनात हाडांसारखे खांब आहेत.

क्रेन आहेत, पण त्या बाहेर. आतलं छत 2010 मध्येच पुरं झालं आणि त्याच नोव्हेंबरात पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी चर्चचं अभिषेकपूर्वक लोकार्पण केलं. आतले खांब वर जाऊन झाडासारखे फांद्या फोडतात आणि 45 मीटरवरचं छत तोलतात. भार जास्त तिथे दगड अधिक मजबूत: मधल्या चौकाचे चार खांब लालसर पॉर्फिरीचे, इतर बेसॉल्ट, ग्रॅनाइट आणि वालुकाश्माचे. एका खांबापाशी उभं राहून बुडापासून नजर वर न्या. खाली चांदणीसारख्या ठसठशीत कडा असतात. जसजसं वर जावं तशी त्यांची संख्या वाढत जाते, त्या विरत जातात आणि खांब गोल होतो.

राहिलं ‘पूर्ण झाल्यावर जा’. अजिंठ्याचं 24 क्रमांकाचं लेणं अर्धवट आहे, आणि लेणं खोदतात कसं हे मला तिथेच उमगलं. इथेही तसंच आहे. आज गाउदीच्या वेळचा काळवंडलेला दगड आणि नवा फिकट दगड शेजारी शेजारी दिसतात, एका पिढीचा हात कुठे थांबला आणि दुसरीचा कुठे लागला ते बोट ठेवून दाखवता येतं. काही वर्षांनी धूर-पावसाने सगळं एकाच रंगाचं होईल.

तिकीट ठरावीक वेळेचं असतं, आधी ऑनलाइन काढून ठेवा. शक्यतो दुपार कलतानाची वेळ घ्या. सकाळी पूर्वेच्या काचांतून निळा-हिरवा उजेड येतो तोही सुंदरच, पण पश्चिमेच्या नारिंगी-लाल काचांमागे सूर्य आला की त्या फिकट खांबांवर तो रंग हळूहळू सरकत जातो. तेवढा वेळ बाकावर बसून राहा.