हुरड्याचं आवतन आलं की रविवारची वाट बघू नका

अथणी, रायबाग, चिकोडी, निपाणी या बेळगावकडच्या पट्ट्यातल्या दोस्तानं पौषात फोन करून "कणसं आल्यात, या" म्हटलं की त्याचा अर्थ आज, फार तर उद्या. शहरात राहणारी आपली माणसं नेमकी इथंच चुकतात. "रविवारी जमवू की" म्हणतात, सहा दिवसांनी गाडी भरून जातात आणि दाणा निबर लागला म्हणून कुरकुरतात. माझं मत पक्कं आहे. हुरड्याच्या जेवणाचा दिवस कणीस ठरवतं. रजा मिळत नसेल तर काम आटपून संध्याकाळी निघा, आगटी, म्हणजे कणसं भाजायची शेणींची भट्टी, दिवस मावळल्यावरही लावतात. पण दिवस पुढं ढकलू नका.

आपल्याकडचा हुरडा शाळूचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा. उत्तरा-हस्ताच्या ओलीवर, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरलेला शाळू ७०-७५ दिवसांत फुलोऱ्यात येतो आणि १२०-१२५ दिवसांत काढणीला. हुरडा या दोन्हींच्या मधला, साधारण ९५ ते १०५ दिवसांचा. म्हणून पेरणी मागंपुढं झाली तशी डिसेंबरअखेरपासून जानेवारी संपेपर्यंत कुठं ना कुठं आगटी पेटलेली असते. मार्गशीर्षातल्या यळ्ळ अमावास्येला शेतात चरगा, म्हणजे नैवेद्याचं अन्न, शिंपडताना जाणती माणसं कणसं न्याहाळून ठेवतात आणि तिथून पुढचे दिवस मोजतात. एका वावरात हा काळ जेमतेम आठवडाभर टिकतो. दाण्यातल्या साखरेचा स्टार्च होत जातो, ओल कमी होते, आणि सोमवारी गोड लागलेला दाणा पुढच्या सोमवारी नुसता पिठूळ लागतो.

दाणा नखानं दाबून बघा. पांढरा चीक उडाला तर अजून चार-पाच दिवस थांबायचं, कारण असं कणीस भाजलं की दाणा आक्रसतो आणि हाती सालपट उरतं. नख भिजवलेल्या कणकेत रुतावं तसं रुतलं, तर तोच हुरडा. नखाचा वळच उमटेना, तर ते कणीस भाकरीसाठी राहू द्या. बघायचं कणसाच्या मधोमध. शाळू शेंड्याकडून खाली फुलत येतो, त्यामुळं शेंड्याचा दाणा देठाकडच्या दाण्यापेक्षा काही दिवस पुढं असतो. फक्त शेंडा बघून ठरवलं तर अर्धं कणीस कच्चं निघतं.

वाणाचाही फरक पडतो. आपल्या भागात सर्रास दिसते ती मालदांडी ३५-१. भाकरीला तिच्यासारखी दुसरी नाही, हुरड्यालाही चालते, पण तिचं बोंड, म्हणजे दाण्यावरचं टरफल, दाण्याला घट्ट धरून असतं. गूळभेंडीचा दाणा चोळला की सुटतो आणि गोडीलाही सरस. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे फुले उत्तरा आणि फुले मधुर हे वाण खास हुरड्यासाठी काढलेले आहेत. ज्याला दरवर्षी पाहुणे बोलवायचे असतात तो मालदांडीच्या कडेला गूळभेंडीचे चार तास, म्हणजे चार ओळी, पेरतो. त्यातही आठ-आठ दिवसांच्या अंतरानं दोनदा पेरलं तर हंगाम लांबतो.

कणसं भाजायच्या आधी तासाभरात काढावीत. सकाळी काढून पोत्यात कोंबून ठेवलेली कणसं आतल्या आत तापतात आणि गोडी कमी होते. कणसाखाली हातभर देठ ठेवून कापायचं, आगीजवळ धरायला तेवढं लागतंच. खाली उभं राहिलेलं ताट मालकाच्या जनावरांचा कडबा आहे, ते तुडवू नका. माणशी चार-पाच कणसं धरली तर पोटभर होतात, कारण हुरड्यानंतर जेवणही असतं.

आता आगटी. निम्मी मजा बिघडते ती इथंच. उभ्या पिकापासून लांब, वाऱ्याची दिशा बघून, दीड हात रुंद आणि वीतभर खोल खड्डा काढा. पंधरा माणसांना वीस-पंचवीस शेणी लागतात. त्यातल्या निम्म्याच आधी लावायच्या, उरलेल्या कडेला रचून ठेवायच्या. पेटवायला तुरकाट्या घ्या. रॉकेल-डिझेल अजिबात नको, तो वास दाण्यात उतरतो आणि शेवटच्या घासापर्यंत जात नाही. पेटवल्यावर पाऊण तास तरी हात आवरा. जाळ असताना कणीस धरलं की बोंड जळतं आणि आत दाणा कच्चा राहतो. घाई करणारे तो काळा पडलेला कच्चा दाणा खातात आणि हुरडा असाच असतो असं समजतात. जाळ पूर्ण बसून वर राखेचा पातळ थर आला, की खालच्या इंगळात एका वेळी आठ-दहा कणसं देठ बाहेर ठेवून खुपसायची. तीन-चार मिनिटांनी फिरवायची आणि आणखी दोन मिनिटं ठेवायची. ताडताड आवाज सुरू झाला आणि हिरवा वास जाऊन खमंग वास आला की काढा.

चोळणं गरम असतानाच व्हायला हवं. कणीस निवलं की बोंडं दाण्याला चिकटून बसतात. सराईत माणूस कणीस राखेतून उचलतो, दोनदा आपटून राख झाडतो, दोन्ही तळव्यांत धरून देठाकडून शेंड्याकडं फिरवत जातो आणि हिरवे मऊ दाणे खाली सुपात पडतात. ज्याच्या हाताला सवय नाही त्यानं स्वच्छ गोणपाटाच्या घडीत कणीस धरून चोळावं. मग सुपात पाखडायचं. हे पाखडणं टाळू नका, राहिलेलं कुसळ लहान पोरांच्या घशात टोचतं. एक चोळणारा चार-पाच खाणाऱ्यांना पुरतो. म्हणून पंधरा जण गेलात तर तिघांनी आळीपाळीनं चोळायला बसायचं. दोस्ताचे आण्णा, बांधाला बांध लागून असलेले कानडी मामा चोळतायत आणि पाहुणे मोबाईल धरून फोटो काढतायत, हे बरं दिसत नाही.

हुरड्याबरोबर काय? शेंगांची चटणी, कारळाची चटणी, लसणाची चटणी, गुळाचा खडा आणि मडक्यातलं घट्ट दही. शेंगांची चटणी उखळातच कुटा. दोन वाट्या भाजलेले दाणे, दहा-बारा लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं, दोन चमचे लाल तिखट आणि मीठ. मिक्सर सलग फिरवला तर दाण्याचं तेल सुटून गोळा होतो. मिक्सरच वापरायचा असेल तर थांबत थांबत फिरवा. हुरडा खाताना वर घटाघटा पाणी पिऊ नये असं जुनी माणसं सांगतात, आणि ते ऐकावं. ताक मागा.

त्यानंतरचं जेवण साधं असतं आणि तसंच असू द्यावं. शाळूची भाकरी, भरली वांगी, झुणका, पातीचा कांदा, मुळा, मिरचीचा खर्डा, शेवटी दहीभाताची बुत्ती. यात लक्ष द्यायचं ते भाकरी आणि वांग्याकडं. पीठ दळून पंधरवडा उलटला असेल तर त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि थापताना भाकरी कडेला चिरते. अशा पिठाला उकळतं पाणी घालून मळलं तरच ती वळते. वांगी लहान, काटेरी, माणशी दोन-तीन. चिरा देठापर्यंत नेल्या तर मसाला रश्श्यात सांडतो, बोटाच्या पेराएवढं अंतर सोडा. मसाल्यात दाण्याचं कूट, तीळ, कारळ, सुकं खोबरं, चिंच आणि गूळ. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजवायचं, आत पाणी घातलं की चव पातळ होते. निघायच्या आधी वैनींना आणि काकूंना "चला, आता तुम्ही बसा" म्हणून आग्रहानं बसवा आणि वाढायला तुम्ही उभे राहा. पंगतीत शेवटी कोण जेवलं याकडं आपल्या माणसांचं लक्ष असायला हवं.

माणसं किती येणार हे आधी नक्की सांगा. आठ सांगून चौदा गेलं की भाकऱ्या परत थापता येतात, पण विझत आलेली आगटी पुन्हा रंगात आणायला पाऊण तास जातो. बाटल्या नेऊ नका. शेजारच्या वावरातलं कणीस न विचारता मोडू नका. निघताना आगटीवर पाणी ओतून वर माती ओढा, कारण शेणीचा इंगळ राखेखाली रात्रभर जिवंत राहतो आणि शेजारी वाळत आलेलं पीक असतं.

हल्ली पैसे भरून हुरड्याची पॅकेजं मिळतात. ज्याला गावात कुणी नाही त्यानं जरूर जावं, शेतकऱ्याला चार पैसे मिळतात. पण काही ठिकाणी सकाळीच चोळून ठेवलेला हुरडा तव्यावर गरम करून पुढं येतो. तो चामट लागतो, आणि कितीही चटण्या मांडल्या तरी ते झाकत नाही.

आणि ज्याच्या शेतात जाता, त्यानं शाळू का ठेवलाय हेही समजून घ्या. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशीच्या पाण्यावर जिकडं बघावं तिकडं ऊस झालाय. दाणा चिकात आला की पाखरांची झुंबड उडते. पूर्वी शिवारभर शाळू असायचा, तेव्हा नुकसान सगळ्यांत वाटून जायचं. आता उसाच्या मधोमध एकाचाच अर्धा एकर शाळू असेल, तर गावची सगळी पाखरं त्याच्याच वावरात उतरतात. त्याला दिवस उगवायच्या आधीपासून गोफण घेऊन माळ्यावर बसावं लागतं. हिशेब बघितला तर ऊसच परवडतो. तरी तो चार तास गूळभेंडी पेरतो ती तुमच्या-माझ्यासाठी. म्हणून रिकाम्या हातानं जाऊ नका. मिठाईच्या डब्यापेक्षा घरच्या म्हातारीला लागणारी वस्तू न्या, नाहीतर पोरांना वह्या न्या.

परत निघताना दोस्त कणसांची पेंढी गाडीत टाकतोच. ती तशीच डिकीत ठेवून दुसऱ्या दिवशी भाजायचा बेत करू नका. शक्य असेल तर तिथंच भाजून, चोळून, पूर्ण गार करून डब्यात भरा. गरम भरला तर घाम धरून आंबतो. फ्रीजमध्ये दोन दिवस राहतो, फ्रीझरमध्ये त्याहून बराच जास्त. उरलेला कापडावर सावलीत पसरून खडखडीत वाळवला की उन्हाळ्यात रात्रभर भिजवून उसळ करता येते, नाहीतर भरडून थालीपिठात घालता येतो. ओवा आणि हिरवी मिरची घातलेलं हुरड्याचं थालीपीठ लोण्याबरोबर खाऊन बघा, आणि त्यातलं एक दोस्ताच्या घरी पोचवा.