गिरगावची लक्ष्मी आणि अ‍ॅनी हेडन

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा रागात, म्हणून दुसऱ्यांदा. तुमचं म्हणणं असं: अमेरिकन चित्रकार व्हिस्लरच्या 'अ‍ॅनी हेडन' या छापचित्राला (१८६०) मी लेखात एचिंग म्हटलं ते चूक, आणि छापलेल्या चित्राला 'मूळ' म्हणणं हा भंपकपणा, कारण तुमच्या गिरगावच्या घरात रविवर्म्याची छापील लक्ष्मी आहे, तिला कोणी मूळ म्हणत नाही.

पहिलं सपशेल मान्य. ते ड्रायपॉइंट आहे. एचिंगमध्ये तांब्याच्या प्लेटवरच्या मेणाच्या थरात रेघा ओढतात, खोदायचं काम आम्ल करतं. आपल्या या भाचीला व्हिस्लरने सुईने थेट तांब्यावर ओरखडलं. लेख दुरुस्त केलाय.

पण याच चुकीत दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर आहे. सुई ओढली की रेघेच्या कडेला तांब्याची खरखर वर येते. तीच शाई धरून ठेवते आणि मखमली काळा रंग देते. प्रेसच्या दाबाखाली ती प्रत्येक छापाला थोडी चेपते. तुम्ही म्हणता तशा 'हजारो प्रती' काढायच्या तर प्लेटला लोखंडाचा मुलामा द्यावा लागतो. नाहीतर काही डझनांतच मखमल संपते.

लक्ष्मीचं आधी तैलचित्र होतं. रविवर्म्याच्या प्रेसमध्ये (मुंबईतच, १८९४ मध्ये सुरू झालेल्या) कारागिरांनी रंगागणिक छपाईचा वेगळा दगड करून ते उतरवलं. अ‍ॅनी ही कुठल्या रंगवलेल्या चित्राची नक्कल नाही. प्लेटवरून ती आरशातल्यासारखी उलटून छापली जाते, चित्र म्हणून पहिल्यांदा कागदावरच दिसते.

आणि छापणं म्हणजे नुसतं चाक फिरवणं नाही हो! एका कार्यशाळेत मी जस्ताच्या प्लेटवर मावशीचा चेहरा कोरला होता. शाई भरली, जाळीदार कापडाने पुसली, मग तळहाताने, आणि उत्साहात जरा जास्तच. कागद उचलला तर कपाळ लख्ख, डोळे रिकामे. दुसऱ्यांदा डोळ्यांपाशी शाईचा हलका पडदा राहू दिला. मावशी दुपारची झोप मोडल्यासारखी बघायला लागली. प्लेट तीच. यातली मूळ कोणती, तुम्हीच सांगा. मी दोन्ही म्हणेन.

तुमच्या लक्ष्मीला मात्र मी कमी लेखत नाही. प्रत जुनी असेल तर भिंग घेऊन तिचा गाल बघा. ठिपके दिसले तर फोटो पाठवा. दगडावर ते कुणीतरी एकेक करून हाताने दिलेले असण्याची बरीच शक्यता आहे.