खुनाला ‘उबदार’ म्हणायचं का? रामबागेतल्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

प्रतिक्रिया तुम्ही ऐसपैस लिहिलीत, आता उत्तरही तसंच सोसा. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: शरदात वाचायच्या कोझी मिस्ट्री, म्हणजे रक्तपात न दाखवता ओळखीच्या माणसांतला खून उलगडणाऱ्या ‘उबदार’ रहस्य कादंबऱ्यांवर मी लिहिलं होतं, त्यावर काकांचे तीन आक्षेप आहेत. माळव्यात शरदात पानं गळत नाहीत, तेव्हा हा ऋतूच उसना. माणसाचा जीव जातो त्या गोष्टीला उबदार म्हणणं हा निव्वळ बाष्कळपणा, आणि बावला खून प्रकरणानं ज्या इंदूरची होळकरांची गादी हलली तिथं तर तो मुळीच शोभत नाही. शिवाय घरचे रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकर असताना इंग्रजांच्या खेड्यात जायचंच कशाला?

ऋतूचं आधी उरकते. पानगळीचा शब्दही मी काढला नव्हता. मी लिहिलं होतं ते कोजागरीच्या आसपासच्या इंदूरबद्दल. दुपारी राजवाड्यापाशी ऊन असं चटके देतं की नको जीव होतो, आणि रात्री गच्चीवर जायचं तर पांघरूण शोधावं लागतं. अशा रात्री वाचायची सवय आपल्याला विलायतेनं लावलेली नाही. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी अंक असतोच. त्यातही आमच्या घरी गूढकथांच्या अंकांवरून भांडणं व्हायची, वैचारिक लेखांचे अंक आपले शहाण्यासारखे कपाटात. बंगाल्यांचं तेच. सत्यजित राय यांच्या फेलूदा या डिटेक्टिव्हच्या कित्येक कादंबऱ्या ‘देश’ या बंगाली नियतकालिकाच्या पूजा अंकातच पहिल्यांदा आल्या. ‘जय बाबा फेलुनाथ’ तर घडतेच काशीत, दुर्गापूजेच्या दिवसांत: घरात मूर्तीचं रंगकाम चाललेलं आणि त्याच घरातला मौल्यवान गणपती गायब. यात उसनं काय आहे?

आता बावला प्रकरण. ते तुम्ही काढलंत हे बरं झालं, कारण माझा मुद्दा त्यातूनच सांगता येतो. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याची मोटार अडवून त्यांना गोळ्या घातल्या. गाडीत होळकर दरबार सोडून गेलेली मुमताज बेगम होती. गोल्फ खेळून परतणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी अचानक तिथं पोचले, मुमताज वाचली आणि हल्लेखोर सापडले. म्हणजे ‘कोणी केलं’ हे शोधायला डिटेक्टिव्ह लागलाच नाही. राहिला प्रश्न ‘कोणाच्या सांगण्यावरून’. त्यासाठी चौकशी आयोगाला सामोरं जायचं की गादी सोडायची, असा पर्याय समोर आल्यावर फेब्रुवारी १९२६ मध्ये इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांनी गादी सोडली. ज्या प्रश्नाचं उत्तर गावाला हवं होतं, तो फायलीत मिटला आणि गाव पुढं कुजबुजत राहिलं.

कोझी कादंबरी ही कुजबुज तशी राहू देत नाही. रक्ताचे पाट ती दाखवत नाही हे खरं, पण तेवढ्यानं खून हलका होत नाही. ओळखीच्या घरांतून, चहाच्या टेबलांवरून फिरत ती शेवटी सगळ्यांच्या देखत एका माणसाचं नाव घेते. आणि नाव घ्यायच्या आधी सगळे पुरावे वाचकापुढं मांडलेले हवेत, हा या खेळाचा धर्म. रोनाल्ड नॉक्स या पाद्र्यानं १९२९ मध्ये अशा कथांचे दहा नियम लिहून ठेवले, त्यांतही हा आहे. ऊब आहे ती इथं. खऱ्या आयुष्यात असं किती वेळा होतं, तुम्हीच सांगा.

अगाथा ख्रिस्तीची ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ घ्या, १९५० ची. गावच्या छोट्या वर्तमानपत्रात जाहिरात येते: शुक्रवार २९ ऑक्टोबरला संध्याकाळी साडेसहाला अमुक घरी खून होणार आहे, मित्रमंडळींनी ही सूचना समजावी. सगळं गाव गंमत बघायला नटूनथटून हजर! (आपल्या राजेंद्रनगरात अशी जाहिरात आली असती तर आमंत्रणाशिवायही गर्दी झाली असती, पोह्यांची चौकशी आधी.) पण गमतीखाली काय आहे ते पाहा. महायुद्ध संपून काही वर्षं झालीत आणि रेशन अजून चालूच आहे. लोणी, कोळसा यांची शेजाऱ्यापाजाऱ्यांत गुपचूप देवाणघेवाण. स्वयंपाकघरात मित्झी नावाची युरोपातून पळून आलेली निर्वासित बाई. तिचं बडबडणं सगळ्यांना विनोदी वाटतं, पण तिनं घरची माणसं गमावलेली आहेत. आणि खुनाचा छडा लावणारी म्हातारी मिस मार्पल एक गोष्ट बोलून दाखवते: पूर्वी गावात कोण कोणाचं हे माहीत असायचं, आता हिंदुस्थानातून, हाँगकाँगहून माणसं येऊन राहतात आणि ती स्वतःबद्दल जे सांगतील तेच खरं धरावं लागतं. सगळं रहस्य या एका वाक्याच्या आधारावर उभं आहे. पुढचं सांगत नाही.

याला तुम्ही बाष्कळपणा म्हणता? वसाहतीत नवं बिऱ्हाड आलं की ‘मूळचे कुठले?’ विचारणारे आपणच ना?

एका बाबतीत तुमचं माझं जमेल. ख्रिस्तीचीच ‘हॅलोईन पार्टी’ (१९६९) शरदाच्या प्रत्येक यादीत डोळे मिटून घातलेली असते. त्यात तेरा वर्षांची मुलगी ‘मी एकदा खून पाहिलाय’ म्हणते, कोणी विश्वास ठेवत नाही, आणि त्याच रात्री तिला सफरचंदं तरंगत असलेल्या पाण्यात बुडवून मारतात. तिला उबदार म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शिवाय लेखिका तेव्हा एकोणऐंशीच्या घरात होती. पुस्तकाचा मधला भाग फार रेंगाळतो. म्हणून माझ्या यादीत ती नव्हतीच, पुन्हा पाहा. तिच्याऐवजी लुईस पेनीची ‘स्टिल लाइफ’ (२००५) होती. कॅनडातलं खेडं, ऑक्टोबरमधल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत रानात बाणानं मेलेली निवृत्त शिक्षिका. शिकाऱ्याचा बाण चुकून लागला की नेम धरून मारला? तपास निवांत चालतो, पण त्या बाईचं जाणं गावाला शेवटपर्यंत खुपत राहतं. जीव स्वस्त झालाय असं एका पानावरही वाटत नाही.

अर्नाळकरांबद्दल वाद नाही. हजाराहून जास्त कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाशी मी कशाला वाद घालू? पण त्यांच्या झुंजार आणि काळा पहाड या नायकांकडं जायचं ते थरारासाठी, पाठलागासाठी. स्वेटर विणत, शेजारणीचं बोलणं ऐकता ऐकता खुनी ओळखणारी म्हातारी तिथं कशी भेटेल? दोन्ही वाचावं, एकाच आठवड्यात वाचावं.

इंग्रजीचा कंटाळा असेल तर फेलूदा मराठीत आहे, अशोक जैन यांच्या अनुवादात. माझ्याकडचे दोन-तीन भाग दिवाळीआधी रामबागेत पोचवते. ख्रिस्तीचंही आणते, पण अर्ध्यावर आल्यावर तुमचा संशय कोणावर आहे ते चिठ्ठीवर लिहून काकूंकडं द्यायचं. नंतर ‘मला आधीच कळलं होतं’ चालणार नाही.