घरची शाळा आणि फाटकाचा प्रश्न

आमच्या थोरलीला वनस्पतीचे भाग तीन राज्यांत शिकवले गेले आहेत आणि भागाकार एकाही राज्यात शिकवला गेलेला नाही. तिचे वडील तोफखान्यात सुभेदार आहेत. त्यांची बदली नेहमी शाळेचे वर्ष अर्ध्यावर आले की होते, आणि आम्ही नव्या गावी पोचून, जुन्या शाळेच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मिळवून, नव्या शाळेच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर भरपूर बसून एकदाचे तिला वर्गात पाठवतो, तेव्हा तिथे हमखास मूळ, खोड आणि पान चाललेले असते. भागाकाराची चौकशी केली, तर एक तर तो मागच्याच आठवड्यात संपलेला असतो किंवा त्यांच्या पुस्तकात तो पुढच्या इयत्तेत असतो. मुलगी जास्वंदीचे फूल उभे चिरून त्यातले पुंकेसर झोपेतही दाखवील, पण एकवीस चिकू सात जणांत वाटायला सांगितले की ती चिकूच्या बियांचे निरीक्षण करू लागते.

यंदा सुभेदारांना फील्ड लागले, म्हणजे जिथे कुटुंब सोबत नेता येत नाही अशी नेमणूक मिळाली, आणि मी दोन मुले व काळ्या लोखंडी पेट्या घेऊन नाशिकला जेल रोडवर सासरी आले. पुन्हा अर्धे वर्ष उलटलेले होते, पुन्हा प्रतिस्वाक्षरी होती, आणि पुढची बदली कुटुंबाला नेण्याजोगी निघाली की सगळे पहिल्यापासून होते. म्हणून तोवर दोघांनाही घरीच शिकवावे असे मी ठरवले. माझ्याकडे बी.एड. आहे, कुठल्याही गावी ते उपयोगात येण्याआधीच आम्ही ते गाव सोडत आल्यामुळे ते अद्याप कोरे करकरीत आहे.

ही बातमी गल्लीत पसरायला एक भाजीवाला पुरला. त्यानंतर मुले जिना उतरली की त्यांची परीक्षा सुरू होऊ लागली. वाणी दुधाची पिशवी हातात देण्याआधी तेरा सत्ते विचारी, इस्त्रीवाले काका राज्यांच्या राजधान्या विचारीत, आणि वरच्या मजल्यावरच्या काकू उत्तर काहीही आले तरी "बघ, शाळेत असतीस तर..." एवढे म्हणून वाक्य अधांतरी सोडून देत. काकूंच्या स्वतःच्या नातवाला तेरा सत्ते कोणीच विचारत नाही, याकडे मी त्यांचे लक्ष वेधले, तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, तो शाळेत जातो ना!"

कायद्याचा धाक घालणारेही भेटले. त्यांच्यासाठी मी 2009 चा शिक्षणहक्क कायदा वाचून ठेवला आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला, कलम 10 मध्ये मुलाला जवळच्या शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य ठरवले, पण ते न पाळणाऱ्या पालकाला कुठलीही शिक्षा सांगितली नाही. घरी शिकवण्याविषयी तर त्यात चकार शब्द नाही. शिवाय राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षा आहेतच, त्यांचे अ, ब आणि क हे स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे मानले जातात. एवढे सांगून होईपर्यंत समोरचा माणूस सहसा निघून गेलेला असतो.

परंतु खरी अडचण कायद्याची नव्हतीच. शाळेचे सामर्थ्य शिक्षकांत, फळ्यात किंवा अभ्यासक्रमात नसून तिच्या फाटकात असते, असे माझे आता ठाम मत झाले आहे. फाटक लागले की आतले मूल विद्यार्थी होते आणि बाहेरची आई मोकळी होते. घरच्या शाळेला फाटक नसते. मुख्याध्यापिका, शिपाई आणि मावशी या तिन्ही पदांवर एकच बाई असते आणि वर्ग स्वयंपाकघराला लागून भरतो. "या वाक्यातला कर्ता कोण?" असे मी विचारावे आणि कुकरची तिसरी शिट्टी व्हावी, कर्ता गॅस बंद करायला जातो आणि परत येतो, तेव्हा वर्गाची निम्मी पटसंख्या गच्चीवर गेलेली असते. सिलिंडरवाला, पार्सलवाला आणि सोसायटीची वर्गणी मागणारे यांनी आपापले तास ठरवून घ्यावेत इतक्या नियमाने ते येतात. सासूबाईंच्या भजनी मंडळातील बायका "अभ्यास चाललाय का? चालू द्या, चालू द्या" असे म्हणत बरोबर वर्गाच्या मध्यभागी बसतात, आणि मग चालू राहतो तो चहा.

फळा म्हणून आम्ही एका पेटीचे झाकण वापरतो. त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने सुभेदारांचा नंबर, हुद्दा आणि नाव घातलेले आहे. ते पुसता येत नाही, त्यामुळे मी खडूने काहीही लिहिले तरी वर मुलांचे वडील उभेच असतात. पेटी जुनी आहे आणि दर बढतीला हुद्दा काळ्या रंगाने बुजवून त्यावर नवा लिहिला गेला आहे. उन्हाची तिरीप आली की 'सुभेदार'च्या खाली 'हवालदार' पुसट दिसतो आणि त्याच्याही खाली 'नायक'. धाकट्याने आपला आपण वाचलेला पहिला शब्द हाच. मी त्याला 'घर', 'बदक' वाचायला सांगत होते आणि त्याने झाकणाला नाक लावून एकेक अक्षर जुळवले व घरभर जाहीर केले, "बाबा खालून हवालदार आहेत!" व्हिडिओ कॉलवर हे ऐकल्यावर सुभेदारांनी वाचनाबद्दल शाबासकी दिली आणि मला पेटी नीट रंगवून घ्यायला सांगितले.

फाटकाची उणीव प्रथम भरून काढली ती माझ्या सासऱ्यांनी. नाना नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झाले आहेत. ज्या कारखान्यातून बाहेर पडताना रोज झडती द्यावी लागते, तिथे उभे आयुष्य गेलेल्या माणसाला फाटकाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. त्यांनी दिवाणखान्याच्या दारात खुर्ची टाकली आणि तास संपेपर्यंत कोणीही बाहेर जाणार नाही व तास संपल्यावर जो जाईल तो झडती देऊन जाईल, असा नियम केला. पहिल्याच झडतीत धाकट्याच्या खिशांतून खोडरबराचे तुकडे, शेंगदाणे, देवघरातली घंटा आणि थोरलीने पाठ करायच्या पाढ्यांचा चतकोर कागद निघाला. घंटा सासूबाई सकाळपासून शोधत होत्या. कागदाबद्दल थोरलीने खुलासा केला की तो तिनेच भावाला बाहेर न्यायला दिला होता. नानांचा उत्साह एवढा वाढला की त्यांनी अध्यापनही हाती घेतले आणि मुलांना पावकी, निमकी आणि थेट औटकी, म्हणजे पाव, अर्धा आणि साडेतीन यांचे पाढे, शिकवू लागले. 'एक औट साडेतीन, बे औटे सात' हे दोघांना चटकन पाठ झाले, आणि नंतर वाण्याने तेरा सत्ते विचारले, तेव्हा धाकट्याने उलट त्यालाच "अकरा औटे किती?" असे विचारून दुधाची पिशवी विनाचौकशी मिळवली.

मग सुभेदार रजेवर आले. दोन दिवस त्यांनी झोप काढली आणि तिसऱ्या दिवशी शाळेचा ताबा घेतला. पहाटे साडेपाचला पीटी, सातला फॉलिन, म्हणजे रांगेत उभे राहणे, मग हजेरी. "कुल नफरी दोन, हाजिर एक, गैरहाजिर एक," असा अहवाल थोरली कडक सावधान उभी राहून देई (नफरी म्हणजे फौजेतली माणसांची संख्या) आणि गैरहजर नफरी पांघरुणातून ओरडे, "मी सिक रिपोर्टवर आहे!" तोफखान्यातली माणसे ओरडून सूचना देतात याचे कारण उघड आहे, परंतु तोफ नसतानाही ती त्याच आवाजात देतात, आणि आमच्या शाळेचे वेळापत्रक आता मागच्या इमारतीलाही पाठ आहे. बाहेर जाण्यासाठी आउटपास सुरू झाला. त्यासाठी एका वहीत नाव, कारण, जाण्याची वेळ, येण्याची वेळ आणि सही असे रकाने आखून ती दाराला सुतळीने टांगली गेली. नानांना हे फार आवडले.

गणिताचा तास सुभेदारांनी घेतला, तो मात्र सविस्तर सांगायला हवा. वर्तुळाचे 360 भाग असतात असे मी नुकतेच शिकवले होते. सुभेदारांनी शांतपणे सांगितले की 6400 असतात. तोफखान्यात कोन अंशांत न मोजता मिलमध्ये मोजतात, पूर्ण वर्तुळ 6400 मिलचे आणि काटकोन 1600 मिलचा, आणि याची गंमत अशी की एक किलोमीटर अंतरावरची एक मीटरची वस्तू साधारण एक मिलची दिसते. मी म्हटले, "अहो, परीक्षेत 1600 लिहिले तर शून्य मिळेल." ते म्हणाले, "अगं, पण गोळा बरोबर पडेल." पुढे त्यांनी मुलांना गच्चीवर नेले आणि हात सरळ लांब करून एक डोळा मिटायला शिकवले, तसा हात धरला की एका बोटाची रुंदी ढोबळमानाने 30 मिल भरते. वस्तूची उंची मिलिमीटरमध्ये घ्यायची, तिला मिलने भागायचे, उत्तर मीटरमध्ये अंतर.

भागायचे! तीन राज्यांच्या शिक्षणखात्यांनी जे टाळले होते ते अखेर आमच्या गच्चीवर येऊन ठेपले. नेमक्या तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकू कोपऱ्यावरून भाजी घेऊन येत होत्या. थोरलीने हात लांब करून दोन आडवी बोटे त्यांच्यावर धरली आणि अंतर लक्षात घेऊन मोठ्याने सांगितले, "काकू 60 मिलच्या आहेत!" त्यांची उंची 1600 मिलिमीटर धरून पाटीवर मांडणी झाली, सुभेदारांनी भागाकाराची पायरी न पायरी करून घेतली, आणि 1600 भागिले 60 याचे उत्तर 26 आले व बाकी 40 उरली. तोवर काकू फाटकापाशी पोचल्या होत्या आणि त्यांच्यावर आता चार बोटेही अपुरी पडत होती. "काकू जवळ आल्या की वाढतात," असे धाकट्याने कठड्यावरून खाली ओरडून कळवले, आणि थोरली तितक्याच मोठ्याने विचारीत राहिली, "पण उरलेल्या 40 चे काय करायचे, बाबा?" हा सर्व संवाद काकूंनी आपल्या वजनासंबंधी आहे असे समजून घेतला. सुभेदार शत्रूच्या तोफांना घाबरत नसतील. त्या संध्याकाळी समजूत घालायला काकूंकडे मला एकटीलाच जावे लागले.

भागाकार आल्यापासून थोरली दिसेल त्याला भागत सुटली. रजा संपत आली असता आम्ही क्षेत्रभेट म्हणून पांडवलेण्यांवर गेलो. पायऱ्या चढून दमल्यावर तिसऱ्या लेण्याच्या ओवरीत मी इतिहासाचा तास घेतला. लेणी पांडवांची नसून बौद्ध भिक्षूंची आहेत, आणि इथल्या ब्राह्मी लेखांत एक विलक्षण प्रकरण नोंदलेले आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपल्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी सैन्याच्या विजयी तळावरून गोवर्धन येथील अमात्याला आज्ञा धाडली आणि भिक्षूंना 200 निवर्तने (निवर्तन हे जमिनीचे जुने माप) शेत दिले. पुढे चोविसाव्या वर्षी दुसरी आज्ञा आली की आधी दिलेले शेत कसले जात नाही, त्या गावात वस्तीही नाही, सबब त्याऐवजी नगराच्या सीमेवरची राजाच्या मालकीची 100 निवर्तने द्यावीत. फौजी घरात हे समजावून सांगावे लागले नाही. आम्हालाही एका गावी क्वार्टर मंजूर झाले होते, ते राहण्याजोगे नाही असे पत्र लिहून आम्ही दुसरे मागितले, आणि मिळाले ते एका खोलीने लहान होते. थोरलीने मात्र तिथल्या तिथे 200 ला 100 ने भागले व बाकी शून्य येते याबद्दल राजाचे कौतुक केले.

सुभेदार परत गेले, पीटी बंद पडली, आउटपासची वही राहिली. अशा एका दुपारी महापालिकेच्या शाळेतील एक शिक्षिका शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी दारात आल्या. घामाघूम झालेल्या होत्या, हातात याद्यांचा गठ्ठा होता आणि आमच्या घरात दोन मुले असून ती शाळेत जात नाहीत, असे त्यांना कोणी सांगितले हे मी विचारले नाही. वरच्या मजल्यावरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्यांनी धाकट्याला विचारले, "बाळा, तू शाळेत का जात नाहीस?" तो म्हणाला, "मी शाळेतच राहतो. रात्रीपण."

बाईंनी अर्ज काढला आणि त्या विचारात पडल्या. कधीच शाळेत न गेलेल्यांचा एक रकाना होता, त्यात धाकटा बसत होता. मध्येच शाळा सुटलेल्यांचा होता, त्यात थोरली बसत होती. आणि स्थलांतरितांचा होता, त्यात दोघेही बसत होते, म्हणजे दोन मुलांनी तीन रकाने व्यापले असते आणि बेरीज जुळली नसती. त्यांनी पेन खाली ठेवून पेटीच्या झाकणावरचा भागाकार पाहिला, थोरलीकडून एक नवा करवून घेतला, धाकट्याला वाचायला लावले, त्याने 'हवालदार' वाचून दाखवला. मी चहा टाकला. चहा पिताना बाईंनी अगदी हळू आवाजात विचारले, "तुम्हाला रोज सलग शिकवायला मिळतं? मला गेल्या महिन्यात याद्यांमधून वर्गावर जायलाच झालं नाही." मी कुकर, सिलिंडर आणि भजनी मंडळ यांची हकिकत सांगितली. त्यांनी निवडणुकीच्या मतदारयाद्या, पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन भरायच्या माहितीची सांगितली. फाटक असूनही असे होऊ शकते हे मला नवीनच होते.

शेवटी रकाने सगळे कोरे ठेवून त्यांनी शेऱ्याच्या जागी 'घरी शिक्षण सुरू, वडील सैन्यात' असे लिहिले आणि त्या उठल्या. दारात धाकटा आडवा उभा होता. सुतळीला बांधलेली वही त्याने पुढे केली, "बाई, आउटपास." बाईंनी नाव लिहिले, कारणाच्या रकान्यात 'सर्वेक्षण' लिहिले, घड्याळ पाहून वेळ घातली, येण्याच्या वेळेवर रेघ मारून सही केली आणि नानांनी खुर्चीतून उठण्याआधीच स्वतःहून पर्स उघडून दाखवली.