‘बीपी-शुगर ज्याचं त्याने बघावं’ या फॉरवर्डला उत्तर

व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. बीपी-शुगर हे ज्याच्या त्याच्या शिस्तीचं काम, उपकेंद्रातली माणसं नुसत्या गोळ्या वाटतात, आणि बीपी नॉर्मल आलं की गोळी बंद करावी, नाहीतर सवय लागते, असं त्यात म्हटलंय.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण त्यापायी माणसांना अर्धांगवायू होतो. बीपी नॉर्मल आलंय ते बहुतेकदा गोळीमुळेच. तिची चटक लागत नाही. आजार राहतो म्हणून गोळी राहते. वजन, मीठ कमी झाल्यावर डोस उतरू शकतो, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं.

‘नुसत्या गोळ्या वाटतात.’ बरं. २०१७ च्या अखेरीस उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला, त्यात सुरुवातीपासून महाराष्ट्र आहे. ठरलेला औषधक्रम, घराजवळ औषध आणि पाठपुरावा ही त्याची पद्धत. बीपी दुखत-खुपत नाही, त्यामुळे गोळी सुटली तरी पेशंटला काही जाणवत नाही. महिन्याच्या गोळ्या न्यायला कोण आलं नाही हे नोंदीत दिसतं, मग फोन जातो किंवा आशाताई दारात उभी राहते.

राहिली शिस्त. ती शिकवावी लागते हो! ‘आजी, मिश्री लावून आलात ना? मग अर्धा तास बसा,’ असं सिस्टर म्हणते, ते उगाच नाही. तंबाखूने बीपी चढतं. मग पाठ टेकवून, पाय जमिनीला, पाच मिनिटं गप्प बसायचं, तेव्हा कुठे दंडाला पट्टा. घरी मशीन असेल तर हेच घरीही करायचं. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा. पण हे एकट्या आजोबांना सांगून काय होणार? फोडणी सून घालते. लोणचं, पापड, खारवलेली सुकी मासळी यांचं बोलणं तिच्याशीच व्हायला हवं, आणि ते आशाताई चुलीपाशी बसून करू शकते. शुगरवाल्यांनी रोज तळपाय बघायचे, वाकता येत नसेल तर आरसा धरून. इन्सुलिन घेणाऱ्याला दरदरून घाम फुटून हात थरथरले तर आधी साखर खायची. हे फॉरवर्डमध्ये कुठे होतं?

गोळ्या कधी संपलेल्या असतात, सिस्टरवर लसीकरणापासून ऑनलाइन नोंदींपर्यंत ढीगभर कामं असतात, हे खरंच. ओरड करायचीच तर ग्रामसभेत त्यावर करा.