हरणांसाठी दहा गुंठे

वऱ्हाडातल्या कुठल्याही शेतकरी काकांना फोनवर सांगून बघा की, इथे अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात आम्ही हरणांनी येऊन खावं म्हणून शेत पेरतो. पलीकडे आधी सन्नाटा. मग, "आमी इथं रातभर रोह्याईले हाकलून राह्यलो, अन् तू त्याईच्यासाठी पेरून राह्यला?" काकांचं काही चुकत नाही. तिकडे रोह्यांना, म्हणजे नीलगायींना, अडवायला शेताभोवती जुन्या साड्या बांधायच्या, झटका मशीन लावायचं, मचाणावर रात्र काढायची आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे जनावराला परवानगीशिवाय बोटही लावायचं नाही. इकडे परवाना काढला की शिकार कायदेशीर. सप्टेंबरच्या मध्यापासून धनुष्यबाणाचा हंगाम, आणि नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीचा. त्या दिवसांत पांढऱ्या शेपटीचं हरीण नेमकं आपल्याच मचाणासमोर यावं, म्हणून रानाच्या कडेला जो तुकडा पेरतात तो फूड प्लॉट.

मग बादलीभर मका ओतून मोकळं का होत नाही? कारण 2002 मध्ये विस्कॉन्सिनच्या हरणांत सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा जीवघेणा रोग सापडला. एका ढिगाऱ्यात दहा तोंडं घुसली की लाळेतून तो पसरायला वाव मिळतो, म्हणून बऱ्याच काउंटींमध्ये (म्हणजे इथल्या जिल्ह्यांमध्ये) असं आमिष टाकायला बंदी आहे. तोच मका पेरून उभा केला तर मात्र ती शेती. त्यामुळे ज्यांनी आयुष्यात कुंडीत तुळस जगवली नाही, अशी माणसंही इथे शेतकरी होतात.

तुकडा साधारण पाव एकराचा, म्हणजे दहा गुंठे. बाणाने शिकार करायची तर याहून मोठा नकोच, कारण हरीण वीस-पंचवीस यार्डांच्या आत यायला हवं. दोन एकर पेरलं की ते हटकून पलीकडच्या टोकाला चरतं आणि आपण दुर्बिणीतून त्याची तब्येत बघत बसतो.

पहिलं काम माती परीक्षण. नव्वद टक्के लोक हे टाळतात (आकडा माझ्या रागातून आलेला आहे) आणि थेट दुकानातून शिंगाड्या हरणाचं चित्र छापलेली बियाण्याची पिशवी उचलतात. पिशवीवरच्या चित्राने मातीचा सामू (आम्लतेचं माप, पीएच) बदलत नाही. रानातली माती आम्ल, सामू बऱ्याचदा साडेपाचच्या आसपास. क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकाला हवा साडेसहा. एकरी दोन टन चुना टाका असं अहवालात आलं, तर पाव एकराला हजार पौंड. चाळीस पौंडांच्या पंचवीस पिशव्या. ट्रक तिथवर जात नाही, कारण जागा आपणच मुद्दाम अडचणीची निवडलेली असते. पाठीवरून किंवा चारचाकी एटीव्हीवरून त्या नेल्या तरी चुन्याचा परिणाम दिसायला सहा महिने लागतात. म्हणजे या ऑक्टोबरच्या हरणासाठी गेल्या हिवाळ्याच्या आधीच घाम गाळायला हवा होता. सामू सुधारला नाही तर वरून टाकलेल्या 19-19-19 खतामधला बराचसा माल मातीतच अडकून पडतो आणि पिकाला मिळत नाही. खताची गोणी महाग आहे, चुना स्वस्त आहे, आणि लोक नेमकी खताची गोणीच घेऊन येतात.

मग तण. पेरणीच्या दोन आठवडे आधी ग्लायफोसेट हे तणनाशक मारायचं. इथे मराठी माणसाची खरी परीक्षा, कारण नीट निरखून पाहिलं तर अर्धं तण म्हणजे चाकवत! तोच, पानांखाली पिठूळ पांढुरका, ताकातल्या भाजीचा. शेजारी जमिनीलगत पसरलेली घोळ. हातात फवारणीचा पंप, डोळ्यांसमोर ज्वारीची भाकरी. इथल्या लोकांना ही अडचण कधीच समजावून सांगता येत नाही. (फवारण्याआधी खुडून घ्यायचं. नंतर नाही.)

आता पेरायचं काय? सोयाबीनचा मोह टाळा. हरणाला ते इतकं आवडतं की पाव एकरातलं पीक चार पानांवर असतानाच साफ होतं. विजेचं कुंपण घातल्याशिवाय ते जगत नाही, आणि हरणांसाठी पेरून हरणांपासून कुंपण घालायचं हे काकांना फोनवर सांगण्याची माझी हिंमत नाही. पांढरा क्लोव्हर चांगला. आपल्या बरसीमच्याच कुळातला, एकदा लागला की तीन-चार वर्षं टिकतो. त्याच्या बियाण्याला रायझोबियम (मुळांना नत्र मिळवून देणारे जिवाणू) चोळायचं, तेही क्लोव्हरचंच. सोयाबीनचं उरलेलं पाकीट चालत नाही. शरद ऋतूसाठी सलगम आणि मुळा, जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत. आणि सगळ्यात भरवशाची राय (गव्हासारखं तृणधान्य), ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, एकरी शंभर पौंड. ती कशाही मातीत, कशाही थंडीत उगवते. फक्त दुकानात रायग्रासची पिशवी गळ्यात पडणार नाही हे बघायचं. ते निराळंच गवत आहे. हरीण त्याला फारसं विचारत नाही आणि पुढे ते हटता हटत नाही.

सलगमचं बी एकरी पाच पौंड, म्हणजे आपल्या तुकड्याला जेमतेम सव्वा पौंड. मोहरीएवढं बी, मुठीत घेतलं की वाटतं, एवढंसंच? मग माणूस हात सैल सोडतो. परिणाम: केसासारखी दाट रोपं, एकमेकांच्या उरावर, आणि खाली सलगमऐवजी शेपटी. दुसरा प्रकार म्हणजे बी फोकल्यावर प्रेमाने कुळवून खोल गाडणं. हे बी पाव इंचाखाली गेलं की गेलंच. जमीन आधी भुसभुशीत करून रोलरने दाबायची, वर बी फोकायचं, पुन्हा एकदा रोलर फिरवायचा आणि घरी जायचं. रोलर नसेल तर एटीव्हीची चाकं पूर्ण तुकड्यावरून फिरवली तरी भागतं. पाऊस तोंडावर असताना पेरायचं, हे मात्र तिथे काय, इथे काय, सारखंच. अंदाजात सत्तर टक्के पाऊस दिसला की पुढचे दोन आठवडे कडकडीत ऊन.

पाऊस झाला, पीक आलं. तुकड्यात तीन-चार फूट व्यासाचा जाळीचा पिंजरा उभा करायचा, म्हणजे आतलं आणि बाहेरचं पीक यांची तुलना करता येते. आत गुडघाभर आणि बाहेर बोटभर दिसलं तर हरणं येताहेत. दोन्हीकडे गुडघाभर दिसलं तर अभिनंदन, तुम्ही भाजीपाला पिकवलाय. सलगमच्या बाबतीत हे बऱ्याचदा होतं. जिथल्या हरणांनी ते कधी पाहिलेलं नाही तिथे ती पहिलं वर्ष-दोन वर्षं हुंगून पुढे जातात. कडक थंडी पडली की पानांत साखर वाढते, तेव्हा कुठे तोंड लावतात.

त्यातून पांढऱ्या ओकला त्या वर्षी बहर आला असेल तर संपलंच. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याची फळं पडायला लागली की हरणं तुमच्या तुकड्याकडे ढुंकून बघत नाहीत. लग्नात पंचपक्वान्नं मांडावीत आणि वऱ्हाड मांडवाबाहेर भजी खात उभं राहावं, तसं. चुना, खत, रायझोबियम एका बाजूला, झाडावरून पडलेलं फुकटचं फळ एका बाजूला. अशा वेळी माझा सल्ला एकच: मचाण उचला आणि ओकखाली लावा. अभिमान गुंडाळून ठेवा.

मोठा नर तर तुकड्यावर लावलेल्या कॅमेऱ्यात रात्री दोन वाजताच दिसतो. त्याला दिवसाउजेडी आणायचं तर तुकड्यावर उगाच चकरा मारायच्या नाहीत आणि वारा आपल्याकडून प्लॉटकडे वाहत असेल त्या दिवशी घरी बसायचं. इथे शरदात वारा बहुधा वायव्येचा, म्हणून मचाण आग्नेय कडेला. सुट्टीच्या दिवशी वारा दक्षिणेचा असतो, हे वेगळं सांगायला नको.

आणि सगळं जमलंच, तर शेवटचा पेच उतरण्याचा. अंधार पडला, गोळी चालवायची कायदेशीर वेळ संपली, आणि खाली पाच-सहा माद्या निवांत राय खात उभ्या. तुम्ही पंधरा फूट वर, पायांचं लाकूड झालेलं. आता उतरलात तर त्यांना कळतं की या झाडात माणूस राहतो, आणि मग हंगामभर त्या मान वर करूनच येणार. जाणकारांचा उपाय असा की घरी फोन करून कुणाला तरी गाडी घेऊन थेट तुकड्यापर्यंत यायला सांगायचं. हरणं गाडीला बिचकून निघून जातात, झाडाचा संशय येत नाही, आपण खाली उतरतो. फोन मात्र जेवायची पानं वाढायच्या आत करावा, कारण नंतर गाडी येते पण सावकाश येते.