कानात बोळे घाला आणि एन-टू द्या

मागच्या आठवड्यात डिसेंबरच्या जेएलपीटीचा, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेचा, निकाल लागला. 180 पैकी 101. एन-टू, म्हणजे तिची वरून दुसरी पातळी, पास व्हायला 90 लागतात, म्हणजे चांगले अकरा वर. आईने साखरेचा डबा उघडलासुद्धा. मग मी खालची ओळ वाचली. शब्द-व्याकरण 40, वाचन 43, श्रवण 18. तिन्ही भागांत 60 पैकी किमान 19 पाहिजेत, एकात जरी कमी पडले तरी बाकीचे पाण्यात. एका गुणाने फुगोउकाकु, नापास. आमच्याच वर्गातल्या एका मुलीला एकूण 91, ती पास. तिचे पेढे खाल्ले मी. चांगले होते.

तेव्हा यंदा जे विद्यापीठात एन-थ्री ओलांडून वरच्या वर्गात आले आहेत, त्यांना ठेच लागलेल्या माणसाकडून चार हिताच्या गोष्टी.

कांजी, म्हणजे जपानीतली चिनी चित्राक्षरं, लिहून काढा. दोनशे पानी वही आणा. 'जीवन'वाली ती पाच रेघांची साधी कांजी घ्या: सेइ, शोउ, इकिरु, उमारेरु, हाएरु, नामा, कि. जगणं, जन्मणं, उगवणं, कच्चा मासा आणि नळाची बिअर, सगळीकडे हीच. प्रत्येक उच्चार पन्नास वेळा. जेएलपीटीत एकही कांजी लिहावी लागत नाही, नुसते गोल काळे करायचे असतात; पण विद्यापीठाच्या पेपरात लिहावी लागते ना! मग झालं तर.

शब्द किती करायचे, असं विचारून सेन्सेईंना, म्हणजे बाईंना, अडचणीत आणू नका. 2009 पर्यंतच्या जुन्या परीक्षेला यादी तरी होती. दुसऱ्या पातळीला साधारण 1000 कांजी, 6000 शब्द. 2010 पासून नवी परीक्षा आली आणि यादी छापणं बंद झालं. आमच्याकडे अजून तीच फिरते, झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स. उजव्या कडेचे शब्द कापले गेलेत. ते येणार नाहीत असं धरून चाला.

व्याकरण मराठीतून शिका. जपानी म्हणजे मराठी माणसाच्या डाव्या हातचा मळ, हे पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगितलं जातं आणि ते खोटंही नाही. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, 'ताबेते मिरु' म्हणजे अक्षरशः 'खाऊन बघणे'. हे कौतुक दोन वर्षं पुरतं. मग 'वाके' (कारण, अर्थ) या शब्दाची भावकी दारात उभी राहते: वाके दा, वाके देवा नाइ, वाके गा नाइ, वाके नि वा इकानाइ. 'कनेरु' म्हणजे जमणार नाही; आणि त्यालाच नकार लावला, 'कनेनाइ', की अर्थ होतो 'नको ते होऊन बसायचं'. घोका.

वाचनाच्या प्रत्येक वाक्याचं भाषांतर समासात पेन्सिलीने लिहा. आम्ही एक उतारा तीन तासिका चालवला. परीक्षेत शब्द, व्याकरण आणि वाचन मिळून 105 मिनिटं असतात. भरपूर झाली.

ग्रुपवर रोज सकाळी 'गानबारिमाशोउ', चला जोर लावूया, टाका.

अ‍ॅनिमे बघा. तलवारी उपसून लोक जे ओरडतात ते सगळं पाठ करा. एन-टूच्या ध्वनिफितीत दुर्दैवाने कुणीच तलवार काढत नाही. तिथे साहेब सांगतो, बैठक तीनला नाही, चारला. त्याआधी प्रती काढ. नाही थांब, आधी तानाका-सानना फोन कर, प्रती मी काढतो. आणि विचारतात, बाईने सर्वांत आधी काय करायचं आहे?

आता चोकाई, म्हणजे श्रवण. चोकाईचा अभ्यास अजिबात करू नका. आमच्या वेळापत्रकात ती शुक्रवारी असते, शेवटची तासिका, साडेसहाला. प्लेअर कपाटात, कपाटाला कुलूप, चावी शिपाईकाकांकडे, काका सहाला घरी. मग 'मिनासान, घरी ऐका हं'. घरी ऐकलं ना मी! कुकरच्या शिट्ट्या मोजत, संहिता समोर ठेवून. संहिता समोर असली की मला सगळं कळतं. वर्गात शंका मराठीत, स्पष्टीकरण इंग्रजीत, विनोद पुन्हा मराठीत. जपानी कानावर पडते ती 'हाजिमेमाशोउ' (सुरू करूया) आणि 'ओवारिमाशोउ' (संपवूया) एवढी. त्यातलं दुसरं सगळ्यांना पटकन समजतं.

परीक्षेत हे प्रकरण 50 मिनिटांचं. फीत एकदाच वाजते. तिसऱ्या मोन्दाइला, म्हणजे प्रश्नाला, फितीतली बाई गोड आवाजात म्हणते, 'मोन्दाइ योउशि नि नानिमो इन्सात्सु सारेते इमासेन'. प्रश्नपत्रिकेवर काहीही छापलेलं नाही. मी पान उलटून बघितलं. खरंच नव्हतं. प्रश्नसुद्धा आधी सांगत नाहीत, सगळं बोलून झाल्यावर विचारतात. मी पहिलं वाक्य मनात मराठीत करत बसलो होतो, तोवर तो माणूस पाचव्यावर गेला. पुढच्या मोन्दाइला एक वाक्य आणि त्यावर तीन उत्तरं, तीही फक्त ऐकायची. एक उत्तर आलं, 'आशिता वा चोत्तो…' आणि गप्प. 'उद्या थोडं…' थोडं काय? क्रियापद कुठाय? अर्धवट वाक्य म्हणून मी ते बाद केलं. नंतर जिन्यात ती पेढेवाली म्हणाली, अरे तेच बरोबर, तो 'नाही जमणार' म्हणत होता.

पुण्यात वाढलोय मी. 'बघतो, कळवतो' म्हणणारा माणूस येणार नाही, हे मला पहिलीत कळत होतं. जपानी माणसाचा 'चोत्तो' हा आपलाच 'बघतो', हे चार वर्षांत मला एका वाक्यात कुणी सांगू शकलं नाही? 'वाके'चे नऊ अर्थ सांगितलेत, उदाहरणांसह, फळ्यावर, तीन रंगांत! आणि ते 18 म्हणजे किती प्रश्न चुकले हेही कळत नाही, कारण गुण प्रमाणित असतात, सरळ बेरीज नसते. हिंजवडीत मुलाखतीला गेलो तर विचारणार, एन-टू आहे? 101 आहे म्हणू?

माणसं बोलतात म्हणून ती भाषा आहे हो! विद्यार्थ्याला चार-चार वर्षं ती ऐकवायचीच नाही, आणि वर म्हणायचं, तुझा कान कच्चा आहे. लाज वाटायला पाहिजे.

आणि आपण काय सोवळे आहोत? सेन्सेई जपानीत बोलायला लागल्या की 'मराठीत सांगा ना' म्हणून मागच्या बाकावरून कोण ओरडतं? शुक्रवारचा तास बुडाला की टपरीवर कोण पळतं? मी सगळ्यांत पुढे असायचो, चहाचे पैसेही मीच दिलेत. नंतर निकालाच्या नावाने गळे काढायचे.

काल शिपाईकाकांना भेटलो. ते म्हणाले, चावी ठेवून जायला माझी ना नाही, वहीत सही करायला कुणी यायचंच नाही. सही करून आलोय. शुक्रवारी साडेसहाला प्लेअर टेबलावर असेल. सेन्सेई, तुम्हीही या.